घर आवरायचं की लेकराजवळ बसायचं? नव्या आई-बाबांसाठी घरकामाची मांडणी

माझी थोरली तीन वर्षांची असतानाची गोष्ट. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून बाहेरच्या दारापर्यंत तिनं वाट्या, पेले, डब्यांची झाकणं एकामागं एक मांडली होती. सगळ्यात पुढं इडलीपात्र, ते इंजिन. शेवटच्या पातेल्यात कापडी बाहुली बसवलेली, ती गार्ड. "आई, गाडी मिरजेला निघालीय, तिकीट काढ." मी म्हटलं, "थांब गं, साडेसातला पाहुणे यायचेत, एवढं आवरू दे." पाच मिनिटांत अख्खी गाडी मांडणीवर गेली. पाहुणे आले, चहा-भडंग घेतलं, पंधरा-वीस मिनिटांत उठले. घर कसं आहे इकडं त्यांचं लक्षही नव्हतं. आणि ही दारापाशी बाहुली मांडीवर घेऊन बसलेली, मला विचारते, "मिरज आलं का?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. आता ती दहा वर्षांची आहे, धाकटा चारचा. मधल्या सात वर्षांत घरातली कामं कशी लावून घ्यायची हे मी हळूहळू शिकले. ज्यांचं पहिलं मूल नुकतं रांगायला लागलंय, जे नोकरीसाठी गाव सोडून सांगलीच्या विश्रामबाग नाहीतर कुपवाडला दोन खोल्यांत राहायला आलेत आणि घरात हाताशी थोरलं माणूस नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय. सांगली सोडून दुसरीकडं राहत असाल तरी यातलं बहुतेक लागू पडेल.

पायरी १: आधी तासांचा हिशेब मांडा

कागद-पेन घेऊन बसा आणि मूल जागं असतं ते तास लिहा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना दिल्यात. त्यानुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात १० ते १३ तास झोप लागते. म्हणजे मूल रात्री नऊला झोपलं तर सकाळी सातला उठणार. तुम्ही कामावरून साडेसहाला घरी पोचलात तर हातात राहिले अडीच तास. स्वयंपाक, जेवण आणि भांडी यात दीड तास जातो. राहिला एक तास. त्या एका तासात धुतलेल्या कपड्यांच्या घड्या, सोफ्याची कव्हरं, उद्याची इस्त्री आणि काचेचं टेबल पुसणं बसवलंत, तर सोमवार ते शुक्रवार मुलाच्या वाट्याला काहीही उरत नाही. कागदावर ते शून्य दिसलं की पुढच्या पायऱ्या सोप्या जातात, म्हणून ही पायरी गाळू नका.

दिवसभर घरी असणाऱ्या आईचा हिशेब निराळा. मूल तर सारखं पायात घुटमळत असतं, मग वेळ कसला मोजायचा? तिनं "थांब" मोजावेत. मी बाळंतपणाच्या रजेवर घरी होते तेव्हा एक दिवस थोरलीला "थांब" म्हटलं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं रेघ मारायची असं ठरवलं. जेवायला बसेपर्यंत एकोणीस रेघा झाल्या होत्या. त्यातल्या तीन-चार वेळा गॅसवर दूध होतं, बाळाचं लंगोट बदलायचं होतं, ते खरंच थांबण्यासारखं होतं. बाकीच्या वेळी मी काहीतरी नीट लावून ठेवत होते.

पायरी २: घाण वेगळी करा, पसारा वेगळा करा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि बहुतेकांची गल्लत इथंच होते. खाली पडलेली खेळणी, गादीवरची चुरगळलेली चादर, खुर्चीवरचा धुतलेल्या कपड्यांचा ढीग, भिंतीवर खडूनं काढलेला सूर्य, हा पसारा झाला. यानं कुणी आजारी पडत नाही. ओटा, मोरी, संडास, ओला कचरा, दुधाची बाटली, बाळ रांगतं ती फरशी, साठवलेलं पाणी, ही घाणीची ठिकाणं. इथं कसूर चालत नाही. पसाऱ्याला सवलत द्या, घाणीला देऊ नका.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत महापूर आला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पाणी ओसरल्यावर गावभागातल्या, म्हणजे जुन्या सांगलीतल्या, आमच्या नातेवाइकांकडं आम्ही सगळे चिखल उपसायला गेलो होतो. लहान मुलांना आठवडाभर त्या घरात पाऊल टाकू दिलं नाही. घर धुणं जिवाइतकं महत्त्वाचं कधी असतं ते तेव्हा कळलं. घरी परतल्यावर हॉलभर पसरलेले ठोकळे दिसले आणि मला त्यांचा पहिल्यांदाच राग आला नाही.

आता रोज न चुकता काय करायचं ते सांगते.

ओला कचरा रात्री घरात ठेवायचा नाही. ओटा आणि मोरी झोपण्याआधी धुवायची. रांगणारं मूल असेल तर ते वावरतं तेवढीच फरशी रोज पुसायची, आतली खोली एक दिवसाआड पुसली तरी चालते. जेवणाआधी आणि शी-शू नंतर साबणानं हात धुवायचे, मुलाचेही आणि आपलेही.

पाणी साठवण्याची भांडी, पिंप, कूलर, फ्रिजच्या मागचा ट्रे आठवड्यातून एकदा रिकामा करून घासून कोरडा करायचा. डेंगीचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा एक कोरडा दिवस. आमच्याकडं तो शनिवार आहे.

जिवाला धोका असलेल्या गोष्टींचं काम तर पसाऱ्याच्या दहापट निकडीचं. बादलीत चार बोटं पाणी राहिलं आणि रांगणारं मूल त्यात डोक्यावर पडलं तर ते बुडू शकतं. म्हणून न्हाणीघरातली बादली पालथी आणि दार कायम ओढलेलं. फिनेल, ॲसिड, औषधाच्या गोळ्या, रिमोटमधले आणि खेळण्यातले बटणासारखे छोटे सेल, हे सगळं मोठ्या माणसाच्या डोक्याच्या वर, कडी असलेल्या कपाटात. आणि आपल्या भागातली खास गोष्ट: भडंगातले शेंगदाणे, फुटाणे आणि तासगावची द्राक्षं. पाच वर्षांखालच्या मुलाच्या घशात ही नेमकी अडकतात. पाहुण्यांना ठेवलेली भडंगाची ताटली खालच्या टीपॉयवर राहू देऊ नका. द्राक्ष द्यायचं तर उभं चिरून चार फोडी करून द्या.

एवढं झालं की घर स्वच्छ आहे असं मनाशी पक्कं समजा, मग हॉलमध्ये काहीही दिसो.

पायरी ३: सोडून द्यायच्या कामांची यादी करा

करायच्या कामांची यादी सगळेच करतात. सोडायच्या कामांची यादी लिहून फ्रिजवर चिकटवा, नाहीतर हात आपोआप तिकडं जातो. माझ्या यादीत घरच्या कपड्यांना इस्त्री, लहान मुलांच्या कपड्यांच्या घड्या (त्यांच्या तीन टोपल्या केल्या: वरचे, खालचे, आतले), रोज चादर झटकून ताणणं, शोकेसमधल्या वस्तू पुसणं आणि दोन भाज्या हे होतं. रात्रीच्या जेवणाला एक भाजी किंवा आमटी, भाकरी आणि ताक. कुणाचं काही अडलं नाही.

उसाचा हंगाम सुरू झाला की पाचट पेटवल्याची काळी राख उडून गॅलरीत येते. पूर्वी मी ती दिवसातून दोनदा झाडायची. आता सकाळी एकदा झाडते, दार लावून घेते आणि कपडे आत वाळत घालते.

परवडत असेल तर भांड्यांना मावशी लावा, त्यात संकोच करू नका. फक्त वाचलेला तास कुठं जातोय इकडं लक्ष ठेवा. आमच्या मावशींच्याही घरी लहान नातू आहे, त्यामुळं कधी त्या उशिरा आल्या तर मी शब्द काढत नाही.

पायरी ४: सामान कमी करा आणि खालचा कप्पा मुलांना द्या

खेळणी जितकी जास्त तितका पसारा जास्त आणि खेळणं कमी, असा माझा अनुभव आहे. निम्मी खेळणी पोत्यात बांधून माळ्यावर टाका. पंधरा दिवसांनी ती काढा, खालची वर टाका. मुलाला नवी खेळणी मिळाल्यासारखं वाटतं.

स्वयंपाकघरातला सगळ्यात खालचा कप्पा मुलाच्या नावानं करा. त्यात स्टीलच्या वाट्या, लाकडी चमचे, रिकामे प्लास्टिकचे डबे, जुनी चाळण, न फुटणारं आणि टोकदार नसलेलं काहीही. आपण भाजी चिरताना मूल तिथं अर्धा तास रमतं. बाकीच्या कप्प्यांना कडी लावा, म्हणजे दिवसभर "हात लावू नको" म्हणावं लागत नाही.

आवरणं दिवसातून एकदाच, मुलाला झोपवण्याआधी दहा मिनिटं, त्याला बरोबर घेऊन. एक मोठी टोपली मध्ये ठेवायची आणि दोघांनी मिळून सगळं त्यात टाकायचं. नीट लावत बसायचं नाही. धाकटा अडीच वर्षांचा असल्यापासून हे करतोय. टोपली भिंतीला सरकवली की त्याचा दिवस संपतो.

पायरी ५: तो एक तास कसा घालवायचा

वेळ मोकळा केला आणि मोबाईल हातात आला तर सगळी खटपट वाया. घरात पाय ठेवला की मी फोन फ्रिजच्या वर ठेवते, आवाज सुरू, पडदा खाली. मुलांनाही तोच नियम: दोन वर्षांच्या आतल्या मुलाला स्क्रीन नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाच्या वर नको, असं त्या २०१९ च्या सूचनांमध्येच आहे. एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून तीन तास तरी हलतं-फिरतं राहावं, असंही त्यात आहे.

कामावरून आल्यावरची पहिली पंधरा मिनिटं सगळ्यात मोलाची. पर्स खुंटीला, हात-पाय धुतले की थेट जमिनीवर बसायचं. कुकर नंतर. मी आधी उलटं करायचे, आधी कुकर लावून मग त्यांच्याकडं वळायचे, आणि मुलं तासभर किरकिर करायची. पहिली पंधरा मिनिटं मिळाली की ती पुढचा स्वयंपाक निवांत होऊ देतात. हा बदल आमच्याकडं चार-पाच दिवसांत दिसला.

जमिनीवर बसून करायचं काय? फार काही नाही. तान्ह्या बाळाशी बोलायचं, त्याच्या डोळ्यांत बघून, आपण काय करतोय ते सांगत. अजून रांगत नसेल तर जागं असताना दिवसभरात थोडं थोडं करून अर्धा तास पालथं ठेवायचं आणि समोर आपण पालथं पडायचं. आठ-नऊ महिन्यांचं बाळ पदराआड तोंड लपवून "भॉक" केलं की वीस वेळा हसतं, आणि विसाव्या वेळीही त्याला ते नवंच असतं. दोन वर्षांच्या मुलाला या भांड्यातून त्या भांड्यात पाणी ओतू द्या, परातीत बसवून. चार वर्षांच्याला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगा. धाकट्याला गेला महिनाभर एकाच उंदराची गोष्ट हवीय आणि एक शब्द इकडचा तिकडं झाला तर तो मला थांबवतो.

खेळ त्यांना ठरवू द्या. मी सुरुवातीला शिकवायला जायचे, हा रंग कुठला, हे किती. पोरगी उठून जायची. नुसतं बसले, तिनं सांगितलं तसं प्रवासी झाले, की मग ती तासभर बोलत राहायची.

पायरी ६: कामात त्यांना घ्या

दीड-दोन वर्षांचं मूल कामाला स्वतःहून येतं. त्याला हाकलू नका, कारण आठव्या वर्षी बोलावून येणार नाही. मटार सोलणं, लसणाच्या पाकळ्या सुट्या करणं, मोज्यांच्या जोड्या लावणं, धुतलेल्या वाट्या पुसणं, कणकेचा छोटा गोळा लाटणं, हे सगळं तीन वर्षांच्या मुलाला येतं. वेळ दुप्पट लागतो, तो आधीच धरून चाला. सोललेले मटार मात्र तोंडात टाकू देऊ नका आणि गॅसपासून दोन हात लांब जमिनीवर बसवा.

पायरी ७: घरच्यांशी आधी बोला

नवरा-बायकोनं हे एकत्र ठरवलं नाही तर ते टिकत नाही. एकीनं पसारा राहू द्यायचा आणि दुसऱ्यानं घरात येताक्षणी "काय हे घर" म्हणायचं, यात मूल गोंधळतं आणि आई खचते. सोडायच्या कामांची यादी दोघांनी मिळून लिहा. बाबांच्या वाट्याची कामं नावानिशी ठरवा. आमच्याकडं रात्रीची भांडी आणि सकाळची अंघोळ ह्यांच्याकडं. तो एक तासही दोघांचा आहे. ह्यांनी सुरुवातीला "मी बाहेर घेऊन जातो, तू घर आवरून घे" असं म्हणून मदत केली, मनापासून केली. पण त्यात माझ्या वाट्याला पुन्हा घरच आलं. ते मला बोलून दाखवायला दोन महिने लागले. तुम्ही लगेच बोला.

सासूबाई गावाकडून आल्या की पहिले दोन दिवस मला धास्ती असायची. एकदा मीच विषय काढला. म्हटलं, "आई, संध्याकाळी मी आधी पोरांपाशी बसते, मग आवरते. घर तसंच दिसेल तुम्हाला." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्यावेळी पोरांकडं बघायला घरात माणसं होती गं. मी कधी तुझ्या नवऱ्याजवळ बसलेलं मला आठवत न्हाई." त्या संध्याकाळी त्या स्वतः धाकट्यासमोर मांडी घालून बसल्या.

पायरी ८: पाहुणे

कळवून येणाऱ्या पाहुण्यांसाठी एकच जागा आवरा, बसायची. आतल्या खोलीचं दार ओढून घ्या. अचानक आलेल्यांना दारातच सरळ सांगा, "या, या, पोरं खेळतायत, जरा बाजूला सरकवून बसा." माफी मागू नका. आपण माफी मागितली की मुलाला वाटतं त्यानं काहीतरी वाईट केलंय. कुणी बोललंच, तर "हो, सध्या असंच असतं" एवढंच म्हणायचं आणि चहा टाकायला जायचं.

पायरी ९: आठवड्यातून एकदा घर सोडून बाहेर पडा

रविवारी सकाळी सगळं घर काढायची सवय असेल तर ती मोडा. आमराईत झाडाखाली दोन तास गेले की मुलं दमतात आणि घर जसं ठेवून गेलात तसंच राहतं. हरिपूरला संगमेश्वराच्या देवळामागं कृष्णा आणि वारणा एकमेकींना मिळतात. तिथं पाण्याकडं बघत मुलं बराच वेळ गप्प बसतात. घाटाच्या वरच्याच पायरीवर बसायचं आणि पावसाळ्यात नदीकडं जायचं नाही. आयर्विन पूल १९२९ सालचा, लांबून दाखवला तरी त्याच्या कमानी मोजण्यात लहान मुलांची करमणूक होते.

आणि मिरजेची पॅसेंजर. त्या वाट्यांच्या गाडीनंतर पुढच्याच रविवारी मी थोरलीला सांगली स्टेशनवर नेलं, तिच्या हातानं तिकीट काढलं. मध्ये विश्रामबाग लागतं, मग मिरज. उतरलो, फलाटावर केळी खाल्ली, परतीच्या गाडीनं आलो. त्या दिवशी घरात केरसुद्धा काढला नव्हता.

घर आवरत नाही आणि मुलाजवळही बसवत नाही, असं झालं तर

हे वेगळं लिहिते, कारण बाळंतपणानंतर माझं असं झालं होतं. रोज रडू येतंय, झोप नाही, बाळाकडं बघूनही काही वाटत नाही, असं दोन आठवड्यांच्या वर चाललं तर तो आळस नाही, आजार आहे आणि त्याला औषध आहे. आपल्या डॉक्टरांना सांगा, आशाताईंना सांगा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. अशा वेळी वरची एकही पायरी करायची नाही. बाळाचं पोट, आपलं पोट, झोप, बस्स.

दिवाळीचं काय

दिवाळीची साफसफाई मी दसऱ्याच्या आधीच थोडी थोडी संपवते, एका रविवारी एक खोली. दिवाळीच्या आठवड्यात घरात चिखल येणारच असतो, कारण किल्ला करायचा असतो. दोन घमेली माती, चार विटा, जुनी पोती आणि मुलांचे टाकाऊ कपडे वेगळे काढून ठेवा. गच्ची नसेल तर गॅलरीच्या कोपऱ्यात प्लास्टिकचा कागद अंथरा. किल्ल्यावर मोहरी किंवा अळीव पेरायचं असेल तर हिरवं दिसायला पाच-सहा दिवस लागतात. तेव्हा वसुबारसेला पोपटी कोंब हवे असतील तर पाच-सहा दिवस आधीच माती भिजवा, आणि त्या दिवशी फरशी संध्याकाळपर्यंत पुसूच नका.